आठ बायका, एक पखवाज आणि मॅगव्हील

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांना नवा थाट कसा द्यावा, यावर लेख आला होता. त्यात जुन्या व्हॅनची लोखंडी डिस्क (टायर ज्यावर चढवतात ते चाक) काढून मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमचं ओतीव चाक, घालण्याचा सल्ला आहे. गाडी हलकी होते, ॲव्हरेज वाढतं, ब्रेक थंड राहतात आणि लुक येतो, असे चार फायदे चार ओळींत सांगून लेखक सीट कव्हरकडे वळले. दुसऱ्या दिवशी माझ्या पुतण्याने ते कात्रण माझ्या गाडीच्या काचेवर वायपरखाली लावून ठेवलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण भारांकाचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचा, भाग तेवढा कापू नका.

मी निवृत्त शिक्षिका आहे, शाळेत गणित शिकवत होते. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे आणि त्या मंडळाची गाडी मीच चालवते. गाडी म्हणजे मारुती ओम्नी, २००८चं मॉडेल, आठ सीटची. १९८४ साली ही व्हॅन रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये बंद झाली, म्हणजे आता ज्या आहेत त्या सगळ्या जुन्याच. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, मागे स्प्रिंगचे पाटे, पुढचं चाक थेट चालवणाऱ्याच्या सीटखाली. त्यामुळे पुढचं चाक खड्ड्यात गेलं की बातमी इतर कुणाच्या आधी मला कळते. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पाच हजार रुपये फी भरून नव्याने पासिंग करून घेतलं. २०२२च्या एप्रिलपूर्वी हेच काम सहाशेत होत असे, पण ते दुःख वेगळ्या पत्रात.

आम्ही राहतो देवरुखला. मार्लेश्वरची संक्रांतीची यात्रा, गणपतीत घरोघरची भजनं, गणपतीपुळे, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरची अंबाबाई आणि पुढे नृसिंहवाडी, हा आमचा फेरा. आठ बायका, हार्मोनियम, पखवाज, टाळांची पिशवी आणि पाण्याचा कॅन. ही यादी मुद्दाम देते आहे, कारण लेखकाच्या डोळ्यांसमोर जी व्हॅन आहे ती रिकामी उभी असलेली व्हॅन आहे. रिकाम्या गाडीला काहीही शोभतं.

आता हिशोब. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक छोटा आकडा छापलेला असतो. तो भारांक. त्या आकड्याचा अर्थ थेट किलो नसतो, त्याचा ठरलेला तक्ता आहे. ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो, ७४ म्हणजे ३७५, ८० म्हणजे ४५०, ८६ म्हणजे ५३०. माझ्या गाडीला १४५ आर १२ एलटी (१४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १२ हा डिस्कचा व्यास इंचांत), आठ प्लायचे, म्हणजे आठ थरांच्या ताकदीचे टायर आहेत आणि त्यांच्यावर ८६/८४ असं लिहिलं आहे. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. कारखान्याने व्हॅनला असा टायर दिला तो हौस म्हणून नाही.

कोल्हापुरातल्या एका दुकानात आम्ही या मॅगव्हीलची चौकशी केली होती. पुतण्या बरोबर होता, किंबहुना त्याच्याचमुळे गेलो होतो. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, चार मॅग आणि चार टायर असा सेटच घ्या, बसवून देतो." सेटमधले टायर होते १४५/७० आर १२, छोट्या कारचे. बारा इंच तेही आणि बारा इंच माझेही, त्यामुळे ते बसणार हे खरंच. मी चष्मा लावून भारांक वाचला. ६९.

गाडी रिकामी साधारण आठशे किलो. आठ बायका सरासरी साठ धरल्या तर ४८० (साठचा आकडा मी मंडळातल्या शांततेसाठी घेतला आहे). वाद्यं, पाणी, नैवेद्याचं सामान मिळून चाळीस. झाले १३२०. आणि चार टायर गुणिले ३२५ म्हणजे १३००. म्हणजे अंबाबाईच्या दारात पोहोचायच्या आधीच वीस किलो जास्त. तेसुद्धा वजन चारही चाकांवर सारखं वाटलं जातं असं समजून. तसं ते वाटलं जात नाही. मागच्या दोन सीट भरल्या की मागच्या ॲक्सलवर जास्त येतं, वळणावर बाहेरच्या चाकावर आणखी येतं आणि घाट चढताना पुन्हा मागेच सरकतं. माझ्या सध्याच्या टायरचं गणित चार गुणिले ५३०, म्हणजे २१२०. एवढी मोकळीक असल्यामुळेच सतरा-अठरा वर्षांची गाडी अजून घाटातून वर जाते.

मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, सगळे हेच टाकतात." टाकत असतील.

मॅगव्हीललाही स्वतःची भारमर्यादा असते आणि चांगल्या चाकावर ती आतल्या बाजूला उठवलेली असते. आयएसआयचं चिन्ह, त्याबरोबर आयएस १६१९२ हा मानक क्रमांक, चाकाचं माप, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा) आणि किलोमधला भार, एवढं चाकावर वाचता आलं पाहिजे. त्या दुकानात मी चाक उलटं करून बघितलं तर आत फक्त एक चिकटवलेला कागद होता आणि त्यावर किंमत.

आता ॲव्हरेज. लेखकाने छातीठोकपणे लिहिलं आहे की मॅगव्हीलने ॲव्हरेज वाढतं, आणि मला खात्री आहे की असं सांगणारी माणसं त्यांना भेटली असणार. ती खोटं बोलत नाहीत. त्यांच्या गाडीचा काटा खोटं बोलतो. कसं ते बघा. बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर. १४५/७० टायरची उंची १४५च्या सत्तर टक्के, म्हणजे साधारण १०१. वर-खाली मिळून २०३. चाकाचा एकूण व्यास ५०८. एलटी टायरवर टक्का छापलेला नसतो, पण तो ऐंशीच्या आसपास धरायचा. मग व्यास येतो ५३७. छोट्या टायरचं चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेऱ्या मारतं आणि मीटर फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तावन्नच्या आत असते आणि शंभर किलोमीटरचे मीटरवर एकशे पाच-सहा होतात. पेट्रोल तेवढंच, किलोमीटर जास्त. वाढलं ॲव्हरेज! शिवाय गाडी जमिनीकडे पंधरा मिलिमीटर झुकते, ते आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर पहिल्याच दिवशी सायलेन्सरला समजतं.

वजनाबद्दलही थोडं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं हे बरोबर. पण ते तितकंच कमी ताठही असतं, म्हणून चाक बनवताना जाड ओतावं लागतं आणि बचत बरीचशी तिथेच संपते. मोठ्या सतरा-अठरा इंची चाकात फरक राहतो. बारा इंचीत? पुतण्याच्या मित्राकडचं एक मॅग आणि माझ्या गाडीची एक नुसती डिस्क आम्ही आमच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. फरक पाऊण किलोच्या आत निघाला. चार चाकांचे तीन किलो. फिरणारं वजन गाडीला जास्त जाणवतं म्हणून ते दुप्पट धरा, सहा किलो. आमच्या पखवाजाचं वजन याहून जास्त आहे आणि तो घेतल्याने ॲव्हरेज पडलं अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

ब्रेक थंड राहण्याचा मुद्दा मी पूर्ण खोडत नाही. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं. पण आंबा घाट उतरताना ब्रेक तापतात ते पाय सतत ब्रेकवर ठेवल्याने. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या. घाटात जळक्या ब्रेकचा वास येणाऱ्या गाड्या मी बघते, त्यांतल्या पुष्कळांना मॅगव्हील असतात.

आता खरा मुद्दा, जो लेखात एका शब्दानेही नाही. खड्ड्यात आपटल्यावर काय होतं?

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. जन्म त्याचा ओतकामात गेला. त्याने मला हे एकदा नीट समजावलं. लोखंडी डिस्क म्हणजे पत्र्याच्या पट्टीला गोल वाकवून, सांधून केलेली कड आणि आत प्रेसमध्ये दाबून काढलेली ताटली, दोन्ही वेल्डिंगने जोडलेले. हा पोलाद नरम जातीचा असतो. आपटला तर वाकतो. मॅगव्हील हे ओतीव काम. ॲल्युमिनियममध्ये सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम घालून साच्यात ओततात, मग साडेपाचशे अंशांच्या थोडं खाली काही तास तापवून पाण्यात विझवतात आणि पुन्हा दीडशेच्या आसपास मुरवत ठेवतात. चाकाची सगळी ताकद या तापवण्या-विझवण्यातून येते. बिडाचा तवा हातातून पडला की तडकतो आणि लोखंडी तव्याला पोचा येतो, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. बीड आणि ॲल्युमिनियम एक नव्हे, मॅग थोडं वाकतंही, हे त्याने लगेच जोडलं. पण रस्त्याकडेला कुणी ब्लोलँपने तापवून ते सरळ केलं किंवा तडा वेल्डिंगने भरला की तेवढ्या भागातली मुरवलेली ताकद गेली. वरून रंग मारला की काहीच दिसत नाही. भाऊ म्हणाला, "तायडे, दुरुस्त केलेलं मॅग बसवून तू मला गाडीत बसायला सांगितलंस तर मी एसटीने येईन."

आमच्याकडे खड्डा ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०२१च्या जुलैत आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचला होता, तेव्हापासून त्या रस्त्याला स्वस्थता म्हणून नाही. वर मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात कुठे नवीन काँक्रीट, कुठे जुनं डांबर आणि दोघांच्या मध्ये चार बोटांची पायरी. काँक्रीटवरून वेगाने यायचं आणि त्या पायरीवरून खाली उतरायचं. गेल्या पावसाळ्यात साखरप्याच्या अलीकडे रात्री भजन आटोपून येताना पुढचं डावं चाक असंच आपटलं. डिस्कची कड आतल्या बाजूने दबली, हवा निघून गेली. पाऊस, अंधार आणि मागे सात जणी रामरक्षा म्हणताहेत. स्टेपनी लावली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे डिस्क नेली. तो माझाच विद्यार्थी. गणितात काठावर पास झालेला, पण हातात देव आहे. त्याने टायर उतरवला, डिस्क फिरवून खडूने खूण केली, लाकडी ठोकळा मध्ये धरून घणाने कड बाहेर काढली, पुन्हा फिरवून बघितली. म्हणाला, "बाई, ही आता मागे लावा, पुढे नको. आणि ट्यूब घालूनच वापरा." चहाचे पैसे घेतले नाहीत, कामाचे घेतले.

त्याच पट्ट्यात संगमेश्वरच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या व्हॅनचं मॅग गेलं. आपटलं तेव्हा काहीच दिसलं नाही. मग रोज सकाळी त्या चाकात हवा कमी. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवला, व्हॉल्व्ह बदलला, बुडबुडा सापडेना. महिनाभराने आतल्या कडेला केसाएवढा तडा सापडला. तसलं एक सुटं चाक मिळेना, कारण ते डिझाइन बंद झालेलं. शेवटी चारही विकून ते परत लोखंडावर आले. लोखंडी डिस्क कोणत्याही वर्षाच्या ओम्नीची घ्या, दुसऱ्या ओम्नीला लागते. जुन्या गाडीला याहून मोठी सोय काय हवी?

बसवण्याच्याही भानगडी आहेत. ओम्नीच्या चार बोल्टांचं वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं, म्हणजे साडेचार इंच. पुष्कळ छोट्या गाड्यांचं वर्तुळ शंभरचं असतं. दोन्हीला भोकं चारच, त्यामुळे नवखा माणूस फसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी दोन मापांची आठ भोकं पाडलेलं चाक देतात. दुसरं ऑफसेट. चाक मूळपेक्षा बाहेर आलं की बेअरिंगवर लांबून भार येतो आणि गाडी भरली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासतो. दुकानात रिकाम्या गाडीवर हे कळणार नाही. गाडीत आठ माणसं बसवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि मगच पैसे द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

तिसरी गोष्ट नटांची, आणि ही मला सर्वांत भीतीदायक वाटते. मॅगबरोबर बहुधा लांब, टोपी असलेले चकचकीत नट येतात. मॅगची ताटली जाड असते, म्हणून तिथे ते बसतात. पण स्टेपनी तर लोखंडीच राहते, कारण सेट चारचा. रात्री पंक्चर झालं, पातळ लोखंडी ताटलीवर तोच टोपीचा नट घट्ट केला, तर कधी कधी स्टडचं, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टचं, टोक टोपीच्या आत जाऊन टेकतं आणि पान्याला वाटतं नट आवळला गेला. चाक मात्र सैलच. म्हणून ज्यांच्या गाडीला मॅग आहेत त्यांनी मूळचे चार नट डिकीत पुडी बांधून ठेवावेत. आमच्या गाडीचा स्टड १२ मिलिमीटरचा, आट्यांतलं अंतर १.२५चं, नट हाताने निदान नऊ-दहा फेरे गेला पाहिजे, त्यानंतर पाना. चाक लोखंडी असो की मॅग, बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा बघायचेच.

लोखंडी डिस्क म्हणजे सोनं असं माझं म्हणणं नाही. खाऱ्या हवेत ती गंजते. गणपतीपुळ्याला किनाऱ्याजवळ गाडी रात्रभर उभी राहिली आणि घरी येऊन चाकं धुतली नाहीत की वर्षभरात टायरच्या कडेखाली पापुद्रे सुटतात आणि ट्यूबलेस टायर हळूहळू बसायला लागतो. दर दोन वर्षांनी मी पावसाळ्यानंतर एकेक डिस्क उतरवून घेते, तारेच्या ब्रशने घासून रेडऑक्साईड आणि वर चंदेरी रंग. नटांच्या बसायच्या जागी रंगाचा जाड थर ठेवायचा नाही, नाहीतर तो दबला की नट सैल होतो. आणि त्या जागांभोवती, तसंच हवेच्या भोकांच्या मध्ये, तडा आहे का हे उजेडात बघायचं, लोखंडही थकतंच. मॅगला गंज नाही असं समजणाऱ्यांना किनाऱ्यावरच्या गाड्या दाखवल्या पाहिजेत. रंगाखाली पांढरी बुरशी धरते आणि लोखंडी हबवर (चाक ज्यावर आवळतात तो भाग) मॅग असं चिकटून बसतं की लाथा माराव्या लागतात. हबवर बोटभर ग्रीस फिरवलं तर हा ताप वाचतो.

कायद्याचा उल्लेखही लेखात नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मनाई करतं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापात राहिलात तर भांडायला जागा राहते. तेरा-चौदा इंची चाकं घालून पासिंगला गेलात तर कारकुनाशी वाद घालायची हौस आधी तपासा.

कुणी मॅग घालूच नयेत का? घालावीत की. पुण्यात माझी एक मैत्रीण राहते, तिच्याकडेही ओम्नी आहे. घरातली दोन माणसं, मंडई आणि बँक. तिने मूळ बारा इंची मापाची, भार उठवलेली मॅगव्हील घेतली, टायर एलटीच ठेवले, नट जपून ठेवले. गाडी छान दिसते, मी तोंडावर सांगितलं. फक्त गणपतीत ती गाडी घेऊन देवरुखला येणार म्हणाली तेव्हा मी तिला एसटीचं वेळापत्रक पाठवलं.

पुतण्याने चार मॅगव्हीलचा जो भाव आणला होता, तेवढ्यात माझ्या गाडीला चार नवे एलटी टायर आणि वर एक डिस्क येत होती. मी टायर घेतले. टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचले, उदाहरणार्थ ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. बारा इंची एलटी टायर आता कमी खपतात, त्यामुळे दुकानात दोन-दोन वर्षं पडून राहिलेला माल सरळ हातात देतात. नवी डिस्क मिळवायला मात्र जास्त वणवण झाली. जो तो रंगवलेली जुनीच पुढे करतो आणि नवी म्हणतो. अशी डिस्क हबवर लावून, चाक अधांतरी फिरवून, कडेजवळ पेन्सिल स्थिर धरून बघा. पेन्सिल आणि कड यांतलं अंतर फिरताना कमी-जास्त होत असेल तर ती आधी कुणाच्या तरी खड्ड्यात जाऊन आलेली आहे. नट बसायची भोकं लांबट झालेली दिसली तर पैसे परत मागा. चाकणपासून पुढे कितीतरी ठिकाणी चाकं बनतात, तर रत्नागिरी जिल्ह्यात बारा इंची साधी नवी डिस्क एखाद्या दुकानात कायम मिळावी, एवढं कुणी मनावर घेण्यासारखं असेल तर त्यावर आपल्या वार्ताहराने लिहावं.

आणि पुरवणीसाठी विनंती एकच. जुन्या गाड्यांवर पुढचा लेख छापाल तेव्हा शेजारी भारांकाचा तक्ता द्या, ६५पासून ९०पर्यंत. अर्धा रकाना पुरेल. तक्ता तयार करून हवा असेल तर कळवा, मी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवते.

आपली नियमित वाचक,
देवरुख, जि. रत्नागिरी

ता. क. : नाव छापू नये. मंडळातल्या बायकांनी साठ किलोचा आकडा वाचला की मी कोण ते त्यांना समजेलच, इतरांना समजायची गरज नाही.